इतिहासाचार्य राजवाडे आणि आमच्या घरचा रुमाल

— द्वितीय वर्ष कला

दहावीच्या परीक्षेत इतिहास व राज्यशास्त्र मिळून चाळीस गुणांची प्रश्नपत्रिका असते. त्या चाळीस गुणांसाठी आम्ही वर्षभर काय केले हे आठवले की आज हसूही येते आणि लाजही वाटते. सनावळ्या पाठ केल्या, तहांची कलमे पाठ केली, गाइडमधली उत्तरे जशीच्या तशी वहीत उतरवली. गणित आणि विज्ञान हे खरे विषय, इतिहास आपला एका रात्रीत उरकण्याचा, अशी वर्गातल्या सर्वांची पक्की समजूत होती. आमच्या पुस्तकात इतिहासलेखनाच्या भारतीय परंपरेवर एक पाठ होता. त्या पाठात वि. का. राजवाडे यांच्याविषयी काही ओळी होत्या. सराव परीक्षेत त्यांच्यावर टीप लिहायला आली. इतिहासाचार्य ही पदवी, बावीस खंड, पुण्याचे मंडळ, मराठीतून लेखन असे चार मुद्दे मी लिहिले आणि पूर्ण गुण मिळवले. राजवाडे हा माणूस कोण होता, त्याने ते बावीस खंड कशाचे काढले आणि कशासाठी काढले, हा प्रश्न मला पडला नाही. तो पडावा अशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

आमच्या घरात माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत एक लाल रुमाल होता. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. जुने कागद ज्या चौकोनी फडक्यात बांधून ठेवतात त्यालाही रुमालच म्हणतात. त्यात मोडी अक्षरांतले कागद होते. ते घरात कोणालाच वाचता येत नसत. आमच्या घराण्याकडे पूर्वी पाटीलकी होती आणि तिची सनद त्या रुमालात आहे असे आजोबा सांगत. एका पावसाळ्यात लाकूडफाटा भिजला तेव्हा आजीने बंब पेटवायला त्यातले कागद काढले. मी तेव्हा सातवीत होते. एकेक कागद चुरगाळून आजीच्या हातात देण्याचे काम माझ्याकडे होते. कागद जाड होता, चांगला पेटत होता. पाणी लवकर तापले म्हणून आम्हा दोघींना बरे वाटले होते. आजीला मी दोष देत नाही. तिला अक्षरओळख नव्हती. मला होती, आणि मी शाळेत इतिहास शिकत होते!

कॉलेजात आल्यावर ग्रंथालयात राजवाड्यांच्या निवडक लेखांचा एक जुना संग्रह हाती लागला, आणि तो वाचताना बंबासमोर बसलेली ती दोघी जणी मला पुन्हा पुन्हा दिसू लागली. राजवाड्यांचे चरित्र आपल्या मित्रमैत्रिणींपुढे मांडावे असे वाटले ते या कारणाने.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३ साली कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसई या गावी झाला. विश्वनाथ जेमतेम तीन वर्षांचे असताना वडील वारले आणि ते पुण्याजवळ वडगावला आजोळी आले. त्यांचे बंधू वैजनाथ पुढे संस्कृतचे मोठे पंडित म्हणून नावारूपाला आले. विश्वनाथांचे शिक्षण मात्र सरळ रेषेत झाले नाही. शाळा बदलल्या, कॉलेज बदलले, पैशाच्या अडचणी आल्या. अखेर डेक्कन कॉलेजातून ते बी.ए. झाले तेव्हा त्यांचे वय सत्तावीस-अठ्ठावीस होते. आज आपल्यापैकी कोणी एखाद्या वर्षी नापास झाला तर घरात सुतक पडते. त्यांनी हे धीराने ऐकावे म्हणून मुद्दाम सांगितले.

पुढे राजवाड्यांनी आपल्या शालेय जीवनावर एक मोठा लेख लिहिला. कनिष्ठ, मध्यम व उच्च शाळांतील स्वानुभव असे त्याचे नाव. कोल्हापूरहून विष्णु गोविंद विजापूरकर जी ग्रंथमाला चालवीत, तिच्यात तो आला. आत्मचरित्रात माणसे बहुधा आपल्या गुरुजनांचे गोडवे गातात. राजवाड्यांनी तसे केले नाही. शाळा-कॉलेजात किती वर्षे गेली आणि त्यांतून खरे ज्ञान किती पदरात पडले याचा हिशेब त्यांनी व्यापाऱ्याने जमाखर्च मांडावा तसा मांडला, आणि बाकी तोट्याची निघाली. घोकंपट्टीवर आणि परभाषेतून शिकवण्यावर त्यांचा राग आहे. जे काही शिकलो ते ग्रंथालयात स्वतः वाचून शिकलो, असा त्या लेखाचा एकूण सूर आहे. हा लेख वाचताना मला माझा दहावीचा वर्ग आठवला. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, राज्य बदलले, शिक्षणाची भाषा मराठी झाली, आणि घोकंपट्टी मात्र जागची हलली नाही!

राजवाडे ज्या काळात वाढले त्या काळी शाळेत मराठ्यांचा इतिहास कोणता शिकवीत? साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन भागांत प्रसिद्ध केला. त्याचे मराठी भाषांतर थोड्याच वर्षांत झाले आणि मराठ्यांची बखर या नावाने ते शाळांतून चालू लागले. म्हणजे ज्यांनी राज्य जिंकले त्यांच्यातल्याच एकाने लिहिलेला इतिहास, ज्यांचे राज्य गेले त्यांची मुले पाठ करीत होती. डफने पुष्कळ अस्सल कागद पाहिले होते, कष्टही घेतले होते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याचे म्हणणे तपासून पाहायचे कसे, ही सोय कोणाजवळ नव्हती. पहिला आवाज उठवला तो एका विद्यार्थ्याने. १८६७ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या डेक्कन कॉलेजातील तरुणाने डफच्या ग्रंथावर टीका करणारा निबंध वाचला. कॉलेजातला मुलगा क्रमिक पुस्तकातल्या चुका दाखवतो, ही गोष्ट आजही किती नवी वाटते! पुढे १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला निघाली. १८७८ पासून काशिनाथ नारायण साने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काव्येतिहाससंग्रह या मासिकातून जुन्या बखरी व पत्रे छापण्यास आरंभ केला. राजवाडे त्या वेळी पंधरा वर्षांचे होते. हे सारे वाचत ते मोठे झाले.

बी.ए. झाल्यावर त्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये काही काळ शिक्षकी केली, पण नोकरीत त्यांचा जीव रमला नाही. त्याआधीच ऐन पंचविशीच्या सुमारास त्यांच्या पत्नीचे निधन झाले होते. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही आणि पुढे जन्मभर कोणाची चाकरीही केली नाही. परभाषांतील उत्तम ग्रंथ मराठीत यावेत म्हणून त्यांनी भाषांतर नावाचे मासिक काढले. प्लेटोच्या रिपब्लिकचा मराठी अनुवाद त्यांनी स्वतः केला. इंग्रजी उत्तम येत असूनही लिहायचे ते मराठीतच, हा नेम त्यांनी अखेरपर्यंत पाळला. आमच्यासारखी मुले इंग्रजीच्या धास्तीने वर्गात तोंड उघडत नाहीत, त्यांना या नेमाचे मोल विशेष कळेल.

यानंतर त्यांच्या आयुष्याला वळण देणारी गोष्ट घडली ती वाईला. तेथील एका घरात पेशवाईतील पत्रांचा मोठा साठा त्यांना मिळाला. १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतच्या लढाईपर्यंतची ती पत्रे होती. पानिपतावर बखरी होत्या, पण त्या मागाहून ऐकीव माहितीवर लिहिलेल्या. ही पत्रे त्या धामधुमीतच लिहिली गेलेली. रसद नाही, पैसा पोचला नाही, अमका सरदार कुठवर आला, नदीला पूर आहे, असल्या रोजच्या काळज्या त्यांत होत्या. राजवाड्यांनी ती वाचली, लावली आणि १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाची साधने या नावाने पहिला खंड प्रसिद्ध केला. त्याला लांबलचक प्रस्तावना जोडली, आणि तीत ग्रँट डफची विधाने या पत्रांच्या कसोटीवर एकामागून एक घासून पाहिली. जी गोष्ट कीर्तन्यांना साधनांवाचून अर्धवट सोडावी लागली, ती राजवाड्यांनी कागद पुढे ठेवून केली.

पत्रे लावणे म्हणजे काय, हे मला आधी समजले नव्हते. आमच्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी ते समजावून दिले. पेशवाईतल्या पुष्कळ पत्रांवर वर्ष नसते. नुसता छ असे अक्षर, म्हणजे चंद्र, त्यापुढे तिथी आणि रजब, शाबान, रमजान असा मुसलमानी महिना. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊकच असे, मग लिहायचे कशाला? जेथे साल असते तेथे ते अरबी शब्दांत असते. इहिदे सितैन मया व अलफ असे लिहिलेले दिसले तर एक, साठ, शंभर आणि हजार यांची बेरीज करायची. ती अकराशे एकसष्ट होते. हे सुहूर सन झाले. ते मृग नक्षत्राबरोबर सुरू होते. त्यात पाचशे नव्व्याण्णव मिळवले की इसवी सन १७६० येते, आणि वर्षाच्या उत्तरार्धात १७६१. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, म्हणून ती याच सालात पडते. जेथे सालच नाही तेथे मजकुरातल्या खुणांवरून ते शोधायचे. पत्रात कोण हयात आहे, कोण वारला, कोणत्या स्वारीचा उल्लेख आहे, याचा मेळ घालायचा. एकेका चिठोऱ्यासाठी दिवस मोडायचा आणि तरीही चूक होण्याची शक्यता उरायची. आम्ही ज्या सनावळ्या कंटाळून पाठ केल्या, त्यांतली एकेक सनावळी अशी कोणाच्या तरी डोळ्यांचे तेल जाळून मिळालेली आहे, हे मला दहावीत कोणी सांगितले असते तर मी ती कदाचित निराळ्या भावनेने पाठ केली असती.

वाईनंतर राजवाडे थांबले नाहीत. जेथे जुने दप्तर असल्याची बातमी लागे तेथे ते जात. देशावर, कोकणात, खानदेशात, मराठवाड्यात त्यांची पायपीट चाले. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, पाटील यांचे वाडे, मठ, देवस्थाने यांतून त्यांनी कागद मिळवले. कोणी दार उघडी, कोणी कागद दाखवल्यास वतन जाईल या भीतीने नाही म्हणे. कुठे वाळवीने काम केलेले असे, कुठे पावसाने, आणि कुठे आमच्या घरासारखे चुलीने! राहणी अत्यंत साधी, स्वयंपाक पुष्कळदा स्वतःच्या हाताने, अंगात मूळची ताकद आणि चालण्याची सवय, एवढ्या भांडवलावर त्यांनी हा उद्योग केला. सरकारी मदत नव्हती. पुण्यातले पेशव्यांचे मोठे दप्तर इंग्रज सरकारच्या कुलपात होते आणि ते अभ्यासकांना मोकळे नव्हते. त्यातील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली पंचेचाळीस भागांत छापले गेले ते १९३० नंतर, म्हणजे राजवाडे गेल्यावर. सरकारचे दप्तर बंद, म्हणून लोकांच्या घरातली दप्तरे उघडायची, असा मार्ग त्यांनी काढला. १८९८ ते १९१७ या काळात असे बावीस खंड निघाले. त्यांत पेशवाईतील राजकारण आहे, तसेच शिवकालातील महजर, निवाडपत्रे, वतनांचे तंटे आणि गावगाड्याचे कागदही आहेत.

या कामात ते एकटे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून ऐतिहासिक लेखसंग्रहाचे भाग काढले. साताऱ्यास दत्तात्रेय बळवंत पारसनीस कागद जमवीत होते. यांपैकी खरेशास्त्री मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवीत. शाळा सुटल्यावर घरी येऊन हा माणूस मोडी दप्तरात डोके घालून बसे. माध्यमिक शाळेचा मास्तर इतिहास केवळ शिकवतो असे नाही, तो इतिहास घडवणाऱ्या साधनांचा धनीही होऊ शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

७ जुलै १९१० रोजी राजवाडे यांनी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साहाय्याने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. एकट्याने वणवण करून हे काम सरणारे नाही, कागद ठेवायला जागा, वाचायला माणसे आणि छापायला पैसा पाहिजे, हे त्यांनी जाणले होते. पुढे मंडळातील सहकाऱ्यांशी त्यांचे मतभेद झाले आणि ते पुणे सोडून निघाले. त्यांचा स्वभाव तापट होता. पटले नाही तर तोंडावर सांगायचे आणि चालू लागायचे, ही त्यांची रीत. संस्था मात्र टिकली. ती आजही पुण्यात सदाशिव पेठेत उभी आहे.

राजवाड्यांचा दुसरा मोठा व्यासंग मराठी भाषेचा. बीडजवळ पाटांगण येथे मिळालेल्या एका जुन्या पोथीवरून त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि तिच्यातील मराठीचे व्याकरण लिहिले. त्या पोथीच्या जुनेपणाविषयी विद्वानांत पुढे वाद झाले. शहाजीराजांच्या पदरी असलेल्या जयराम पिंड्ये कवीचे राधामाधवविलासचंपू हे काव्य त्यांनी १९२२ साली संपादून काढले, आणि १९२४ साली उत्तर कोकणची महिकावतीची बखर. धातूंचा आणि शब्दांच्या व्युत्पत्तीचा त्यांनी केलेला प्रचंड संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर कोशरूपाने छापला गेला. गावांची नावे, आडनावे, शिव्या, खेळ, शेतीची अवजारे, कशाचाही त्यांना कंटाळा नव्हता. इतिहास म्हणजे राजेलोकांच्या लढाया एवढेच नव्हे, समाजाचा सर्व अंगांचा व्यवहार म्हणजे इतिहास, ही त्यांची व्याख्या होती आणि ते तिला जागले.

आता एक अवघड गोष्ट. ती मी टाळली असती तर लेख गोड झाला असता, पण राजवाड्यांवरचाच लेख अप्रामाणिक झाला असता. राजवाड्यांना जातीचा अभिमान फार होता. समाजाची वर्णव्यवस्था त्यांना योग्य वाटे. कोणती जात वरची, कोणती खालची, कोणाच्या रक्तात कशाची भेसळ, असल्या विषयांवर त्यांनी खंडांच्या प्रस्तावनांत आणि लेखांत पुष्कळ लिहिले आहे, आणि त्याला शास्त्राचा आव आणला आहे. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंविषयी त्यांनी केलेल्या लेखनाला केशव सीताराम ठाकरे यांनी १९१८ साली कोदंडाचा टणत्कार हे पुस्तक लिहून खरमरीत उत्तर दिले. वारकरी संतांच्या शिकवणुकीने महाराष्ट्र निष्क्रिय झाला, असेही राजवाडे म्हणत. न्यायमूर्ती रानडे यांचे मत याच्या नेमके उलट होते. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माळ आहे अशा कुणब्याच्या घरात मी जन्मले. राजवाड्यांची काही पाने वाचताना माझ्या कानशिलाला ऊन लागले. मी पुस्तक मिटवून परत करायला निघाले होते.

पण याच माणसाने आयुष्याच्या शेवटी भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासावर लिहिले. आजचे विवाहाचे नियम आरंभापासून असेच नव्हते, समाज मोकळ्या स्त्री-पुरुषसंबंधांतून पायरीपायरीने इथवर आला, हे त्यांनी वेद आणि महाभारत यांतले पुरावे देऊन मांडले. सनातन्यांना राग आला. राजवाड्यांनी त्याची पर्वा केली नाही. म्हणजे जातीच्या बाबतीत जो माणूस आंधळा, तोच पुराव्यामागे चालू लागला की स्वतःच्या माणसांनाही दुखवायला भीत नसे. एकाच माणसात हे दोन्ही कसे, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी धुळ्याला काढली आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. मागे घर नाही, शेत नाही, पैसा नाही. होती ती कागदांची गाठोडी. दुसऱ्याच वर्षी धुळ्यात भास्कर वामन भट आदी मंडळींनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन करून तो ठेवा जपला.

आता आमच्या रुमालाकडे येते. दिवाळीच्या सुट्टीत मी माळ्यावर चढले. रुमालात सहा कागद उरले होते. ते मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कॉलेजात आणले. आमच्या प्राध्यापकांनी मोडीच्या एका जाणकारांकडे मला पाठवले आणि त्यांनी माझ्यासमोर ते वाचले. त्यांत पाटीलकीची सनद नव्हती. पाच कागद शेतसाऱ्याच्या पावत्या निघाल्या. सहावा कर्जरोखा होता, शके १७९९, ईश्वर नाम संवत्सरातला. म्हणजे १८७७ साल. दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचे. सहा-सात पिढ्यांपूर्वीच्या आमच्या पूर्वजाने धान्यासाठी आणि पैशासाठी विहिरीजवळचा तुकडा गहाण टाकला होता. त्याचे नाव घरात कोणालाच माहीत नव्हते. नावापुढे सही नव्हती. निशाणी नांगर असे लिहून छोटासा नांगर काढला होता. जुन्या कागदांत लिहिता न येणारा माणूस सहीच्या ठिकाणी आपल्या धंद्याचे चिन्ह काढून देई. कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, असे ज्याचे त्याचे.

मी घरी गेले आणि सर्वांना वाचून दाखवले. आजोबा नाराज झाले. सनद जळालेल्या कागदांत असेल, असे ते म्हणाले. असेलही. ते आता कोणालाच सांगता येणार नाही, आणि जे सांगता येणार नाही ते सांगायचे नाही, एवढे मी राजवाड्यांच्या चांगल्या पानांतून शिकले आहे. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी त्या पूर्वजाचे नाव पुन्हा एकदा वाचायला सांगितले, आणि नांगर कुठे काढला आहे ते बोट ठेवून पाहिले. दादा स्वतः चौथीपर्यंत शिकले आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. कर्ज काढून एक तुकडा विकून माझी फी भरली गेली आहे. दादांना त्या नांगरात काय दिसले हे मी विचारले नाही.

त्यानंतर मी राजवाड्यांचे खंड पुन्हा काढले, आणि या वेळी प्रस्तावना बाजूला ठेवून मागचे महजर पाहिले. तेथे गावचे बलुते, गावचे कुणबी आपापल्या निशाण्यांसह हजर होते. ज्या राजवाड्यांनी प्रस्तावनेत आमच्या लोकांना खालची जागा दिली, त्यांनीच हे कागद वाळवीच्या तोंडून काढून, काना-मात्रेचाही फरक न करता छापले. प्रस्तावना त्यांची होती. कागद आमचा होता. प्रस्तावना शंभर वर्षांत जुनी झाली, कागद जुना होऊनही खरा राहिला. प्रस्तावनेला प्रस्तावना म्हणून वाचायचे आणि कागदाला कागद म्हणून, हा फरक कळणे म्हणजे इतिहास शिकणे, असे मला आता वाटते.

आणि म्हणूनच हा विषय माध्यमिक शाळेत नीट शिकवला गेला पाहिजे. कॉलेजात इतिहास घेणारे आपण मूठभर. बाकीची मुले दहावीनंतर हा विषय कायमचा सोडतात. त्यांना शेवटचा इतिहास मिळतो तो वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी. त्यानंतर आयुष्यभर ज्याचा आवाज मोठा तो सांगेल तोच त्यांचा इतिहास. गेल्या वर्षी आमच्या गावात भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या एका मजकुरावरून दोन आळ्यांत हातघाईवर गोष्ट आली. तीनशे वर्षांपूर्वी कोणी कोणाचा विश्वासघात केला, एवढाच विषय! ज्यांनी काठ्या काढल्या ते सारे माझ्याच शाळेत शिकलेले. त्यांनीही इतिहासाचे चाळीस गुणांचे उत्तर लिहिले होते. यासाठी कागद कोणता, तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला, हे तीन प्रश्न विचारायची सवय मात्र त्यांना कोणी लावली नव्हती. मलाही नव्हती.

हे प्रश्न शिकवायला मोठा खर्च लागत नाही. प्रत्येक मुलाने घरातला एक जुना कागद वर्गात आणावा. सातबारा, लग्नपत्रिका, आजीचा शाळा सोडल्याचा दाखला, जुने रेशनकार्ड, काहीही चालेल. त्यावरून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, याची चर्चा एक तासभर करावी. सनावळ्या जरूर पाठ कराव्यात, पण त्या कोठून आल्या हेही एकदा पाहावे. एवढे झाले तरी पुष्कळ बंब थंड राहतील.

आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना मी हे सांगून आले आहे. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवी-नववीच्या मुलांना मोडीची बाराखडी शिकवण्याची परवानगी त्यांनी दिली आहे. मला स्वतःला ती अजून अडखळतच येते. रोज रात्री एक पान गिरवते. रुमाल धुऊन, वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा बांधला आहे. ट्रंकेची किल्ली आजीने आपल्या कनवटीला लावली आहे.